चोचवाली वाघीण

कवळीवाल्यांनी प्लास्टरच्या गोळ्यावर हातोडी मारली. गोळा मधोमध फुटला आणि आतून काहीच निघालं नाही.

तसं म्हणायला प्लास्टर निघालं. पण प्लास्टरच्या गोळ्यातून प्लास्टर निघणं ही काही बातमी नव्हे. निघायला हवी होती कवळी. वरच्या जबड्याची, गुलाबी हिरडीची, खुद्द अध्यक्षांची. कवळीवाल्यांनी दोन्ही अर्धे उलटेपालटे करून पाहिले. मग अर्ध्यांचे चतकोर केले, चतकोरांचा चुरा केला आणि चुऱ्यात एखादा तरी दात सापडतो का म्हणून बोट फिरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात बसवलेल्या या माणसाची स्वतःची दातखीळ बसायची वेळ आली.

"काय झालं?" दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मॅडम, हा तो नव्हे."

"कोण तो नव्हे?"

"हा गोळा. हा माझा ट्रान्सफॉर्मर आहे."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या कुणी हे वाक्य ऐकलं असतं तर कवळीवाल्यांना पंख्याखाली बसवून पाणी पाजलं असतं. पण डॉक्टरीणबाई त्यांना फार वर्षं ओळखत होत्या.

कवळीवाले दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या करत, आणि त्यातून वेळ उरला की त्याच टेबलावर, त्याच हत्यारांनी मालगाडीच्या वाघिणी करत. वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. आता डबे करणारे पुष्कळ असतात, पण साधासुधा डबा करतील तर ते कवळीवाले कसले! जगात कुठेतरी, कधीतरी, कुणा डोकेबाजाने एखादी चमत्कारिक वाघीण बांधली असेल, तर तिची तळहातावर मावेल अशी हुबेहूब प्रतिकृती यांच्या टेबलावर तयार होणार. जिवंत मासे नेणारी, पोटात पाण्याच्या टाक्या असलेली वाघीण करून झाली. वितळलेलं लोखंड नेणारी, चिरुटासारखी वाघीण झाली. कोंबड्या नेणारी मजल्यांवर मजले असलेली वाघीण झाली, आणि तिच्यात मधोमध कोंबड्यांच्या दिमतीला जाणाऱ्या माणसाची खोलीसुद्धा होती. हिरडीचा उरलेला मसाला वापरल्यामुळे सगळ्या कोंबड्या गुलाबी झाल्या होत्या, पण त्याला इलाज नव्हता.

"अहो, घरात एक वाघीण पुरत नाही का तुम्हाला?" असं त्यांची बायको विचारायची. ती हे चेष्टेने विचारते की रागाने, हे विचारण्याचं धाडस कवळीवाल्यांना कधी झालं नाही.

सगळ्यांत ताजी होती ती चोचवाली वाघीण. विजेचा अवाढव्य ट्रान्सफॉर्मर वाहून नेणारी. हिची गंमत अशी की हिला मधला भागच नसतो. पुढे एक तुकडा, मागे एक तुकडा, आणि दोघांना एकेक भलीमोठी लोखंडी चोच. या दोन चोचींनी माल दोन्ही बाजूंनी पकडायचा आणि अधांतरी न्यायचा. म्हणजे माल हाच गाडीचा मधला भाग. कवळीवाले हे समजावून सांगू लागले की त्यांचे डोळे पाण्याने भरत, आणि ऐकणाऱ्यांचे जांभयांनी.

तर या वाघिणीसाठी ट्रान्सफॉर्मर हवा होता. कवळी करताना ती आधी मेणात घडवतात, प्लास्टरमध्ये पुरतात, पितळी डबीत आवळून उकळतात आणि निवली की प्लास्टरचा गोळा बाहेर काढून फोडतात. कवळीवाल्यांनी विचार केला, तीच डबी, तेच प्लास्टर, काय हरकत आहे? आदल्या दिवशी त्यांनी एका डबीत अध्यक्षांची कवळी घातली, दुसऱ्या डबीत नुसतंच प्लास्टर ओतलं, आणि दोन्ही गोळे फळीवर शेजारी शेजारी ठेवून चहा प्यायला गेले. परत आले ते घाईत. त्यातला एक गोळा उचलला, त्याला पट्ट्या चिकटवल्या, राखाडी रंग दिला, चोचींमध्ये बसवला, आणि आज सकाळी स्वतःच्या हाताने नेऊन प्रदर्शनातल्या छोट्या रुळावर ठेवला. चहात काय घातलं होतं कोण जाणे.

"म्हणजे," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, "अध्यक्षांची कवळी आत्ता..."

"ट्रान्सफॉर्मरच्या पोटात आहे."

"आणि ट्रान्सफॉर्मर?"

"मुख्य मार्गावर."

बाहेरच्या बाकावर अध्यक्ष बसले होते. डोक्यावर टोपी, तोंडावर रुमाल, मागच्या दाराने आलेले. अध्यक्ष म्हणजे छोट्या रेल्वेच्या मंडळाचे, हॉलभर रूळ मांडून खेळण्याएवढ्या गाड्या चालवणाऱ्या हौशी मंडळींचे अध्यक्ष. नोकरी सगळी पाणीपुरवठा खात्यात झालेली, पण बोलणं असं की आगगाडीचा शोध लागला तेव्हा हे शेजारी उभे असावेत. त्यांचे दात हा मंडळाच्या कौतुकाचा विषय होता. "या वयातसुद्धा एकेक कसा मोत्यासारखा!" असं सभासद म्हणायचे. "मी अजून दाताने अक्रोड फोडतो," असं अध्यक्ष सांगायचे. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला, आणि एके दिवशी त्यांनी खरोखरच कवळीखाली अक्रोड धरला. अक्रोड जसाच्या तसा राहिला. म्हणून ही नवी कवळी, आणि म्हणूनच हे मागचं दार. आज संध्याकाळी मंडळाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि अध्यक्षांचं भाषण होतं.

"मग बघत काय बसलात?" डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. "पळत जा, गाडीवरून गोळा उचला आणि घेऊन या."

"उचला?" कवळीवाल्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी देवळात चपला घालून नाचायला सांगितलं. "मॅडम, रुळावरच्या गाडीला हात लावता येत नाही."

"अहो, केवढीशी ती गाडी!"

"नियम केवढासा नाही ना."

हा नियम अध्यक्षांनीच केलेला होता आणि हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला होता. एकदा गाडी रुळावर आली की तिला माणसाचा हात लागता कामा नये. बंद पडली तर दुसरं इंजिन पाठवायचं. घसरली तर क्रेनची गाडी पाठवायची. खऱ्या रेल्वेत आभाळातून पंजा येऊन डबा उचलतो का? नाही ना? मग इथेही नाही. एकदा एक मांजर जंक्शनवर झोपलं होतं, तेव्हा मंडळाने ते उठेपर्यंत सर्व वाहतूक नैसर्गिक आपत्तीमुळे बंद असल्याचं जाहीर केलं होतं. मांजर निवांत जीव होता, त्यामुळे घोषणा पुन्हापुन्हा करावी लागली.

आणि कवळीवाल्यांचा जीव तर या मुख्य मार्गात अडकलेला. मंडळात सगळे एक्स्प्रेसवाले. चकचकीत डबे, खिडक्यांत दिवे, झोकात शिट्टी. मालगाडी म्हणजे त्यांच्या लेखी फाटक बंद ठेवायचं निमित्त. कवळीवाल्यांच्या सगळ्या वाघिणी आजवर रंगवलेल्या डोंगराच्या मागच्या बगलमार्गावर उभ्या असायच्या. तिथे प्रेक्षक पोचत नसत, फक्त झुरळं पोचत. वर्षानुवर्षं मिनतवाऱ्या केल्यावर अध्यक्षांनी यंदा मान डोलावली होती. प्रदर्शनाच्या दिवशी चोचवाली वाघीण मुख्य मार्गावर धावेल. विनातक्रार धावली तर तिथे तिची आणि बाकी सगळ्या वाघिणींची कायमची जागा. काही गडबड झाली तर डोंगरामागे, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"मग अध्यक्षांनाच खरं सांगू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सांगा. आणि मग ते काय सांगतील? नियम मोडा म्हणून? ते एक वेळ बिनदाताचे मरतील."

डॉक्टरीणबाईंनी बाहेर जाऊन तोंडभर हसत सांगितलं, "काका, थोडी घासायची राहिलीय. आमचे कवळीवाले हॉलवरच आणून देतील, भाषणाच्या आधी. तोवर दाढ दुखतेय म्हणून सांगा. बोलायचं नाही, रुमाल सोडायचा नाही."

अध्यक्षांनी रुमालाआडून काहीतरी विचारलं.

"होय होय, गुपचूप देतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कवळीवाले हॉलवर पोचले तेव्हा प्रेक्षक जमू लागले होते. हॉलभर पसरलेल्या टेबलांवर डोंगर, पूल, बोगदे, स्टेशनं, आणि या सगळ्यातून मुख्य मार्गावरून त्यांची मालगाडी संथपणे चालली होती. इंजिनाला जोडलेली ती एकटी चोचवाली वाघीण. पोटात राखाडी ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्सफॉर्मरच्या पोटात दात. इतकी देखणी दिसत होती की आपण कशाला आलोय तेच कवळीवाले विसरले. बायको पहिल्या रांगेत ठेवणीतले कपडे घालून उभी होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "ती बघा, ती लांबलचक. आमची!" इतक्या वर्षांत तिने वाघिणीला 'आमची' म्हटलेलं कवळीवाल्यांनी पहिल्यांदा ऐकलं. नेमकं आजच ऐकायचं होतं.

ते तसेच चिटणिसांकडे गेले. चिटणिसांचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांची उणीव लगेच दिसे. गाड्या कुठे वळवायच्या, कुठे थांबवायच्या, ते सगळं त्यांच्या हातात.

"वाघीण काढून घ्यायचीय," कवळीवाले म्हणाले.

"कुठून?"

"मुख्य मार्गावरून. चाकाचा आस तापलाय."

"ती तिकडे पुलावर आहे. तुम्हाला इथे उभं राहून कसं कळलं?"

"वास आला."

चिटणिसांनी चष्मा कपाळावर चढवला. मालगाडी मुख्य मार्गावर येणार हे ठरल्यापासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. "बघा हं. स्वतःहून काढताय. मग ही गाडी पुन्हा मुख्य मार्गावर नाही. हीसुद्धा नाही आणि त्या गुलाबी कोंबड्यासुद्धा नाहीत. कबूल?"

कवळीवाल्यांनी वाघिणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. तेवढ्यात दारातून टोपी आणि रुमाल आत आले, आणि रुमालावरच्या दोन डोळ्यांनी गर्दीतून त्यांनाच शोधलं. वाघीण आपली, पण दात दुसऱ्याचे. कवळीवाले म्हणाले, "कबूल."

"घ्या मग बगलमार्गाला!" चिटणिसांनी आनंदाने कळ दाबली.

इथे सगळी माती झाली. मुख्य मार्गाचं प्रत्येक वळण कवळीवाल्यांनी मापून ठेवलं होतं. बगलमार्गाचा बोगदा मापायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, कारण चोचवाली तिकडे जाणार नाही असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. बोगद्यातलं वळण आखूड आणि ही बया लांब. इंजिन आत शिरलं, पुढची चोच आत शिरली, माल आत शिरला, आणि मग आतून 'खट्' असा आवाज आला. गाडी थांबली. मागची चाकं बोगद्याच्या तोंडाशी रुळावरून उतरून बसली.

हॉलमध्ये कुणीतरी ओरडलं, "अपघात!"

आता खरं तर सगळ्यांनी वाईट तोंडं करायची. पण मंडळात अशी काही लगबग उडाली की लग्नघरात उडणार नाही. कारण नियम होऊन इतकी वर्षं झाली, तरी नियमाप्रमाणे हाताळण्याजोगा धडधडीत अपघात एकदाही झाला नव्हता. अध्यक्षांच्या डोळ्यांत तर आनंदाश्रू आले, आणि रुमाल नेमका तोंडावर गुंतलेला असल्यामुळे ते तसेच वाहू द्यावे लागले. त्यांनी हाताने वर्तुळ काढलं, मग छातीवर थाप मारली, मग आभाळाकडे बोट केलं.

"अध्यक्ष म्हणतायत की चौकशी समिती नेमा," चिटणिसांनी अर्थ लावला.

समिती तिथल्या तिथे नेमली गेली. मागे अडकलेल्या एक्स्प्रेसच्या प्रवाशांची गैरसोय होऊ नये म्हणून एका सभासदाने चिमट्याने फलाटावर पितळी किटल्या मांडल्या. प्रवासी खिडकीवर रंगवलेले होते, त्यामुळे कुणी खाली उतरलं नाही, पण मंडळाने आपलं कर्तव्य केलं. दुसऱ्या एकाने ध्वनिक्षेपकावरून दिलगिरी व्यक्त केली. प्रेक्षकांतल्या एका गृहस्थांना वाटलं की बाहेर खरोखरच गाड्या बंद पडल्या आहेत, आणि ते बिचारे घरी फोन लावायला धावले.

"क्रेन!" चिटणीस गरजले.

क्रेनची गाडी शिंपीकाकांची. त्यांनी ती हौसेने बांधली होती आणि आजवर तिला तेल घालण्यापलीकडे काही करायला मिळालं नव्हतं. आता ते पुढे आले ते बाह्या सरसावून. क्रेन डुलत डुलत बोगद्यापाशी गेली, आकडा खाली आला, मागच्या चोचीत अडकला. शिंपीकाकांनी कळ फिरवली. वाघीण जागची हलली नाही. उलट क्रेनचीच मागची चाकं वर उचलली गेली.

"काय भरलंय काय हिच्यात?" शिंपीकाका घाम पुसत म्हणाले.

"ट्रान्सफॉर्मर," कवळीवाले क्षीण आवाजात म्हणाले.

"खराखुरा?"

कवळीवाल्यांची बायको एव्हाना गर्दीतून त्यांच्याजवळ पोचली होती. "अहो, तुमचा चेहरा असा का पडलाय? घसरली तर घसरली, खऱ्या गाड्या काय घसरत नाहीत?"

कवळीवाल्यांनी तिच्या कानात सगळं सांगितलं. बायकोने आधी तोंडावर हात ठेवला, मग तो काढला, मग अध्यक्षांकडे बघून परत ठेवला. तिचे खांदे गदगदा हलू लागले. "आणि तो अक्रोड?" तिने कसंबसं विचारलं.

"हसू नकोस गं. बगलमार्ग काय, आता मला दवाखान्यातूनही बाहेर काढतील."

"मी मेली जाऊन उचलून आणू का? मी कुठे सभासद आहे?"

"हात लावायचा नाही!" हे वाक्य कवळीवाल्यांच्या तोंडून इतक्या जोरात निघालं की अध्यक्षांनी लांबूनच मान हलवून शाबासकी दिली.

शेवटी समितीने ठरवलं की इंजिनाने मागे ढकलायचं आणि क्रेनने ओढायचं, दोन्ही एकदम. चिटणिसांनी एक कळ धरली, शिंपीकाकांनी दुसरी. इंजिन घरघरलं. क्रेनचा दोर ताणला गेला. बोगद्यातून करकर, कचकच असे आवाज येऊ लागले. प्रेक्षक टेबलांवर वाकले. आणि मग 'फट्' असा आवाज होऊन वाघीण बोगद्याबाहेर आली, तशीच सरकत प्रकाशात येऊन थांबली, आणि तिची चाकंही आपोआप रुळावर बसली. टाळ्या वाजवायला सगळ्यांनी हात वर केले ते तसेच राहिले.

बोगद्याच्या कमानीवर घासून ट्रान्सफॉर्मरची वरची पापडी सगळी उडाली होती. खालचं प्लास्टर चोचींनी घट्ट धरून ठेवलं होतं, आणि त्यावर, हॉलच्या दिव्यांकडे तोंड करून, एक सुबक कवळी विराजमान झाली होती.

"अगं बाई! हसतोय तो ट्रान्सफॉर्मर!" मागून कुणीतरी म्हणालं.

"कवळीवाले," चिटणीस म्हणाले, "हे काय आहे?"

"कवळी."

"ते दिसतंय! कुणाची?"

त्याच क्षणी एक चमत्कार झाला. हॉलमध्ये जेवढे म्हणून प्रौढ सभासद होते, त्या सगळ्यांनी आपापली तोंडं गच्च मिटून घेतली. शिंपीकाकांनीसुद्धा.

"मी विचारतोय, कुणाची?"

"ते सांगता यायचं नाही. आमच्या कामात नाव सांगत नाहीत."

"वा वा! म्हणजे ट्रान्सफॉर्मर खोटा, आस तापला ते खोटं, आणि आता मालाला धनी पण नाही!" चिटणीस प्रेक्षकांकडे वळले. "मंडळी, मालगाडी कशाला म्हणायचं? जिच्यातला माल कुठून तरी निघून कुणाकडे तरी पोचतो, तिला. हा माल कुणाचाच नाही. मग ही वाघीण खोटी. आणि हिच्या आधी या गृहस्थांनी केलेल्या सगळ्या खोट्या. मी तर म्हणतो, डोंगरामागेसुद्धा नकोत. आजच्या आज सगळ्या मोडीत काढा."

कवळीवाल्यांना वाटलं, आपल्याला कुणीतरी टाचेने चिरडतंय. मासे, कोंबड्या, वितळलेलं लोखंड, इतक्या वर्षांच्या दुपारी. तोंडातून एक नाव निघालं असतं तर सगळं वाचलं असतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. बायकोने त्यांचा हात धरला. आता ती हसत नव्हती.

"पण मला एक सांगा," गर्दीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. त्या दवाखाना बंद करून नुकत्याच पोचल्या होत्या आणि एका नजरेत सगळं समजल्या होत्या. "गाडीला हात लावायचा नाही, ठीक. मग तुमच्या रेल्वेत माल उतरवतात तरी कसा?"

चिटणीस चडफडले, पण नियम विचारला की सांगणं भाग होतं. "मालधक्क्यावर. तिथे गाडी लागली की ज्याचा माल त्याने पुढे यायचं आणि स्वतःच्या हाताने उचलायचा. तेवढ्यालाच हात चालतो. पण आजवर कुणी आलेलं नाही. येणार कोण? आमच्या गाड्यांत काही नसतंच."

"मग न्या तिला मालधक्क्यावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोडीत काढायचीच आहे, तर निदान कुणी येतंय का बघा तरी."

चिटणिसांनी नाइलाजाने कळ दाबली. वाघीण कवळी मिरवत, संथपणे, अख्ख्या हॉलला वळसा घालत निघाली. ज्या ज्या सभासदासमोरून ती गेली, तो तो मागे सरकला. शेवटी ती टेबलाच्या टोकाला, मालधक्क्यावर येऊन थांबली. अध्यक्षांची खुर्ची तिथेच होती.

अध्यक्षांनी कवळीकडे पाहिलं. त्यांनी ती केव्हाच ओळखली होती, हे त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कवळीवाल्यांना कळलं. त्यांनी भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं, आणि ज्यांना आपण इतकी वर्षं अक्रोडाची गोष्ट ऐकवली त्या सभासदांकडे पाहिलं. मग कवळीवाल्यांकडे पाहिलं. ओठ मिटून उभा असलेला तो माणूस एक शब्द बोलणार नव्हता, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. गप्प बसलं तर दात जातील, नवे करता येतील. माणूस मात्र फुकट जाईल.

"कुणी आहे का धनी?" चिटणिसांनी मोठ्याने विचारलं. "एकदा! दोनदा!"

अध्यक्ष उठले. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. मालधक्क्यावर वाकून दोन बोटांनी कवळी धरली, हलवली, ओढली. ती सुटली तसं खालचं प्लास्टरही फुटून मालधक्क्यावर सांडलं. कवळी त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यात बुडवून खळखळून घेतली. आणि मग सगळ्या मंडळासमोर, सगळ्या प्रेक्षकांसमोर, दिव्यांच्या लख्ख उजेडात त्यांनी ती तोंडात बसवली आणि जबडा दोनदा मिटून पाहिला.

"माल मिळाला," अध्यक्ष म्हणाले. आवाज खणखणीत होता. "रंगवलेल्या उतारूंचं नव्हे, खऱ्या मालाचं बोलतोय मी, चिटणीस. या मंडळाच्या स्थापनेपासून आज पहिल्यांदा आपल्या रेल्वेने काहीतरी पोचवलं. आणि ते या वाघिणीने पोचवलं." मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "गाडी मात्र उशिरा आली. त्याबद्दल ताकीद द्या. आणि वाघीण परत पाठवा. मुख्य मार्गावरून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चिटणिसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते शिंपीकाकांच्या आडून कवळीवाल्यांजवळ आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "तुमच्याकडे खालची ढिली झाली तर घट्ट करून मिळते का हो?"

पण कवळीवाल्यांचं लक्ष कुठे होतं! माल गेल्यावर चोचवाली वाघीण दोन तुकडे होऊन उभी होती. इंजिनाने हलकेच मागे रेटलं, तशा दोन्ही चोची एकमेकींना भिडल्या आणि अडकल्या. रिकामी परतताना अशी वाघीण अशीच परतते, तेवढं त्यांनी अचूक केलेलं होतं. ती आता मुख्य मार्गाला लागली, आणि पाठोपाठ डोंगरामागून कुणीतरी गुलाबी कोंबड्यासुद्धा सोडल्या. कवळीवाल्यांनी बाहीने डोळे पुसले.

दरम्यान अध्यक्षांनी भाषण सुरू केलं होतं. नव्या दातांचा उत्साह दांडगा होता. त्यांनी वाफेच्या शोधापासून सुरुवात केली. रूळ कसे आले ते सांगितलं, मग स्लीपर कसे आले ते सांगितलं, मग पाणीपुरवठा खात्यातल्या आठवणी निघाल्या. सभासद एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. डॉक्टरीणबाईंनी भिंत गाठली. मघाशी अपघाताने घाबरून फोन लावायला गेलेले गृहस्थ घरी खुशाली कळवून परत आले, थोडा वेळ ऐकलं, आणि पुन्हा फोन लावायला गेले. अध्यक्ष अजून रेल्वेच्या खिळ्यांपाशीच होते.

बायकोने कवळीवाल्यांना कोपराने ढोसलं.

"काय हो," ती कुजबुजली, "आणखी थोडा वेळ बोगद्यात राहिली असती तर काय बिघडलं असतं?"